शेवटच्या दालनातली खुर्ची

१

बुधवारी आमच्याकडच्या बऱ्याच किल्ल्यांना तिकीट नसतं. तळघर बंद, मनोरा बंद, वाटाड्या मिळत नाही. दालनं तेवढी उघडी. मला वाटाड्या नकोच असतो. ही पोरं पाठ केलेलं बोलतात, आणि चुकीचं पाठ केलेलं बोलतात. कुठल्या सरदाराने कुठल्या खिडक्या बसवल्या, कुठली भिंत आगीनंतर पुन्हा उभी राहिली, ते मला त्यांच्याहून जास्त ठाऊक आहे. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं सगळं मी आरोग्यधामाच्या धोबीखान्यात शिकले, चादरी उकळत असताना, वाफेने पानं फुगलेली पुस्तकं मांडीवर घेऊन. कोणी शिकवलं नाही, म्हणून कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

त्या हिवाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीला दर बुधवारी किल्ले बघायला नेत होते. तिचं नाव लेओकादिया, घरात लोजा. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लोजा विसरायला लागली होती. रिकामी किटली गॅसवर ठेवायची. एकदा बाजारातल्या बाईने तिला घरी आणून सोडलं, कारण लोजा आमच्याच गल्लीत उभी राहून आमची गल्ली विचारत होती. तिचा मुलगा सेवेरिन व्रोत्स्वाफ शहरात असतो. तो आला, कोट न काढताच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, नन्सच्या वृद्धाश्रमात जागा आहे. तिथे रात्रंदिवस माणूस असतं."

"इथेही आहे. मी."

"तू स्वतः सत्तरीची आहेस."

"आणि तू पन्नाशीचा. अजून शर्टाला इस्त्री बायको करून देते."

लोजा खिडकीजवळून म्हणाली, "मी मेले नाही अजून. माझ्यासमोर माझी वाटणी करू नका."

शेवटी असं ठरलं की ईस्टरपर्यंत बघायचं. तोवर तिची तब्येत आणखी उतरली नाही तर ती माझ्याजवळ राहील. उतरली तर सेवेरिन गाडी घेऊन येईल. डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा, बाहेर न्या, बोलतं ठेवा. म्हणून किल्ले. लहानपणी, युद्धानंतर, घरदार सोडून पूर्वेकडून मालगाडीच्या डब्यात, एका गाईच्या पोटाशी झोपून आम्ही दोघी या मुलखात आलो, तेव्हापासून तिने माझा हात कधी सोडला नव्हता. मी तिला नन्सच्या हवाली करणार नव्हते.

२

पहिला त्रास झाला तो ओल्शानेत्सच्या किल्ल्यात. त्रास म्हणण्याइतकंही ते नव्हतं.

दारातच एक लाकडी पेटी असते, सगळीकडेच असते. तिच्यात राखाडी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता. त्या बुटांवरूनच चढवायच्या, मागे इलॅस्टिकची पट्टी टाचेला अडकवायची. जमीन लाकडी चौकटींची, मेणाने घासलेली. तिच्यावर ओरखडा उठू नये म्हणून ही तजवीज. एकदा सपाता घातल्या की पायांचा आवाज जातो. चालायचं नाही, सरकायचं. दालनभर माणसं असली तरी ऐकू येतं ते फक्त घासणं, कोणी तरी भिंतीला गाल लावून पुढे पुढे जावं तसं.

"गेनिया," लोजा म्हणाली, "इतक्या खोल्या आणि संडास एकही दाखवत नाहीत. हे लोक जायचे कुठे?"

"पडद्यामागे भांडं असायचं."

"आणि ते उचलायचं कोण? आपणच."

मी खूष झाले. ही जुनी लोजा होती, तिखट, कोणालाही न सोडणारी. मी तिला चित्रं दाखवत होते, नावं विचारत होते. निम्मी बरोबर सांगत होती.

अशा इमारतींत दालनं एकामागे एक, दारासमोर दार. पहिल्या दाराशी उभं राहिलं की शेवटच्या दालनातली खिडकी दिसते. प्रत्येक दालनात दाराजवळ एक खुर्ची आणि खुर्चीवर एक बाई, वस्तूंना कोणी हात लावू नये म्हणून बसवलेली. सगळ्या आमच्याच वयाच्या, पेन्शन पुरत नाही म्हणून आलेल्या. कोणी विणत असते, कोणी डोळे मिटून जागी असते.

शेवटच्या दालनातली बाई विणत नव्हती. राखाडी स्वेटर, केस मागे बांधलेले, हात मांडीवर एकावर एक. आम्ही आत येताच ती उठली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून लोजाला म्हणाली, "बसा ना, बाई. दमला असाल."

लोजाचा डावा गुडघा वाईट आहे हे कोणालाही दिसतं. त्यात विशेष काही नव्हतं.

"दमले तर घरी जाईन," लोजा म्हणाली. "तुमची खुर्ची तुम्हालाच लखलाभ."

बाई हसली. आमच्याकडे पहिल्या नकाराला कोणी नकार मानत नाही. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा म्हणायचं, पाहुण्याने पुन्हा लाजायचं, मग बसायचं. पहिल्या बोलावण्यालाच बूड टेकणारा माणूस आडदांड समजला जातो. म्हणून मी वाट बघत राहिले की ती पुन्हा म्हणेल. ती म्हणाली नाही. हसतच परत बसली. ज्याला कसलीच घाई नाही असं माणूस हसतं, तसं हसली.

बाहेर पडताना मी सपाता काढून पेटीत टाकल्या, आणि तेव्हा मनात आलं की त्या बाईच्या पायांत सपाता होत्या.

पेटीजवळच्या पोरीला मी विचारलं, "तुमच्या बायका पण ह्या घालतात?"

"आम्ही?" ती हसली. "दिवसभर ह्या घालून वावरलो तर कंबर मोडेल, आजी. ह्या पाहुण्यांसाठी."

"आजी तुझ्या घरी. मला बाई म्हण."

३

दुसरा किल्ला गोश्चिस्वावचा. तो सरकारी नाही, कोणा उद्योगपतीने विकत घेऊन नीट केलेला. जिल्हा वेगळा, मालक वेगळा, भिंतींचा रंगसुद्धा वेगळा.

शेवटच्या दालनात ती बसली होती.

मी दारातच थांबले. माझं डोकं साफ आहे. मी स्वतःला सांगितलं की अशा बायका सगळीकडे सारख्याच दिसतात. मीही धोबीखान्यात पांढरा फडका बांधला की माझ्या शेजारणीसारखीच दिसायचे, आणि मुकादम आमची नावं उलटी घ्यायचा. राखाडी स्वेटर प्रत्येक बाजारात मिळतो. मांडीवर हात सगळेच ठेवतात. हे सगळं सांगून झालं, आणि मी तिच्या पायांकडे बघितलं. सपाता होत्या. नव्या नव्हत्या. तळ झिजून कडा फाटलेल्या, जणू त्या घालून कोणी फार चाललंय. आणि ही बाई तर बसून होती.

खोलीत थंडी होती. छतापर्यंत गेलेली हिरव्या फरशांची शेगडी कोपऱ्यात, विझलेली. खिडकीबाहेर बर्फ नुसतं पडून होतं.

ती उठली. "बसा ना, बाई. दमला असाल."

तोच आवाज, तेच शब्द. लोजा त्या दिवशी खरंच दमली होती. तिचा हात माझ्या दंडावर जड झाला होता, आणि मला जाणवलं की तिचं वजन खुर्चीकडे झुकतंय. मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. तिला तिथे बसू द्यायचं नाही, एवढं वाटलं. पण दुसऱ्यांदा आग्रह करणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी आयुष्यभर फटकळ म्हणून नाव कमावलं. तरी जिभेवर जे आलं ते आईने शिकवलेलंच.

"आज बस गाठायची आहे हो," मी म्हटलं. "पुढच्या खेपेला नक्की बसेल ती."

बाईने मान हलवली, अगदी सावकाश, आणि बसली.

परतीच्या बसमध्ये लोजाने आधी गुडघा चोळला. मग म्हणाली, "माझ्या वतीने कबूल करणारी तू कोण?"

"कबूल कुठे केलं? बोलायची रीत आहे ती. कोणीही म्हणतं."

"तुला माहीत आहे रीत आहे ते. तिला माहीत आहे?"

"कोणाला?"

लोजाने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "तीच होती ना," ती म्हणाली. "मी विसरते, गेनिया. आंधळी नाही झाले."

४

मग कोणीही विचारेल की तिसऱ्या किल्ल्याला गेलातच कशाला. घरी बसून काय होत होतं ते त्यांनी बघितलेलं नाही. त्या आठवड्यात लोजाने आंघोळीचं पाणी चालू ठेवलं आणि खालच्यांच्या छतातून ठिबकलं. खालचा माणूस सेवेरिनला फोन करीन म्हणाला. मी त्याला पोस्टरसारखं दाराला चिकटवून सुनावलं, पण मनातून हादरले. ईस्टर जवळ आला होता. बाहेर नेलं की लोजा दोन दिवस ताजी असायची; त्या दोन दिवसांवर माझी सगळी भिस्त होती. आणि एका खुर्चीला भिऊन किल्ला टाकणारी मी नव्हे. शेवटच्या दालनात जायचं नाही, त्याच्या आधीच मागे फिरायचं, एवढं मी ठरवलं होतं. लोजालाही सांगितलं होतं.

"हो, हो," ती म्हणाली. "तू आणि तुझी दालनं."

व्हिएस्बोरचा किल्ला लहान आहे. त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. शेवटच्या आधीच्या दालनात एक चिलखत उभं केलंय, आणि त्याच्याखाली पाटी. पाटीवर शतक चुकलं होतं. एका शतकाने चुकलं होतं, थोडंथोडकं नाही. मी लोजाला म्हटलं, "हे बघ, ह्या गाढवांनी काय लिहिलंय." तिथे बसणाऱ्या विणकाम करणाऱ्या बाईलाही म्हटलं. तिने सुया थांबवल्या आणि म्हणाली, "मला काय सांगता, मी लिहिलं नाही." मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यांसमोर रोज चूक उभी असते आणि तुम्हाला काही वाटत नाही?" ती म्हणाली, "मला पायांना थंडी वाटते, बाई, बाकी काही वाटत नाही." आमची जुंपली. थोडा वेळच.

मी मागे वळले तेव्हा लोजा शेजारी नव्हती.

दारातून पुढचं दालन दिसत होतं. लोजा खुर्चीवर बसली होती. ती राखाडी स्वेटरवाली बाई तिच्यावर वाकून, तिचं कोपर धरून, तिला नीट टेकवत होती, आजारी माणसाला टेकवतात तशी. खूप मायेने. लोजाने डोळे मिटले होते आणि तिच्या चेहऱ्यावर एवढं सुख होतं की माझ्या तोंडून हाक निघाली नाही. मला वाटलं, बसू दे बिचारीला. गुडघा दुखतोय. मला खरंच तसं वाटलं. विणणारी बाई माझ्यामागे काही तरी म्हणाली आणि मी तिला उत्तर द्यायला वळले. एक वाक्य. त्याहून जास्त नाही.

मग टाचा वाजल्या.

त्या सबंध सकाळी त्या इमारतीत टाच वाजली नव्हती. लाकडावर खट, खट, खट, स्वच्छ, सरळ. लोजा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या बुटांवर सपाता नव्हत्या.

"चला," ती म्हणाली.

तिच्या खांद्यावरून मी पलीकडे बघितलं. खुर्चीचा अर्धा भाग चौकटीआड होता. कोणी तरी तिथे बसलं होतं. दिसत होते ते गुडघे, आणि खाली राखाडी सपातांतले पाय. मी समजले की ती बाई परत जागेवर बसली. दुसरं काय समजणार.

विणणारी बाई म्हणाली, "सपाता कुठे टाकल्या हो तुम्ही? जमीन खराब होते."

लोजा तिच्याकडे बघून हसली.

बसमध्ये बसल्यावर मला आठवलं की लोजा मला कधी "चला" म्हणत नाही. "चल" म्हणते.

५

घरी आल्यावर लोजा बरी झाली.

डॉक्टर आनंदले. गॅस बंद, नळ बंद, चावी खुंटीला. रस्ता चुकणं नाही. मी वाढीन ते खाते, मी म्हणेन तेव्हा झोपते. लोजाने आयुष्यात माझ्या सूपला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, आता वाडगा चाटून पुसून ठेवते आणि म्हणते, "छान होतं."

बाकीचा वेळ ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुर्ची ओढून बसते. पाठ ताठ, हात मांडीवर एकावर एक. मी ओट्याशी गेले की तिची नजर माझ्याबरोबर येते. मी कपाटातली साखर काढायला हात वर केला की ती हळू आवाजात म्हणते, "हात लावू नका, बाई."

पहिल्यांदा मी हसले. "माझी साखर आहे. मी विकत आणलीय."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. रागाने नाही. नम्रपणे.

मी स्वतःला समजावलं. ह्या आजाराला शंभर तोंडं आहेत. माणूस शांत होतं, आपल्यांना ओळखत नाही, कुठे तरी बघितलेलं धरून बसतं. मी वाचलेलं आहे ते सगळं. किल्ल्यांत त्या बायका बघून बघून तिच्या डोक्यात तेच बसलं. पटण्यासारखं होतं. दिवसा पटायचंही. पण ती चालते तेव्हा मी कान देऊ लागले, आणि घरातल्या कापडी चपलांतही तिची पावलं मला ऐकू यायची. लोजा पाय ओढायची. ही ओढत नव्हती.

एका संध्याकाळी मी चहा केला, तिच्यासमोर बसले आणि मालगाडीच्या डब्यातल्या त्या गाईची गोष्ट काढली. "आठवतं? तिला आपण काय हाक मारायचो? तू तिच्या कानात बोलायचीस, मला थंडी लागू नये म्हणून तिला माझ्या बाजूला वळवायचीस."

लोजाने माझं सगळं ऐकून घेतलं. मान कलती करून, मन लावून. मग म्हणाली, "मला ती माहिती नाही, बाई. पुढच्या दालनात विचारा."

मी कप ठेवला तो बशीवर पडला नाही, मेजावर पडला.

ईस्टरला सेवेरिन बायकोला घेऊन आला. सकाळी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेलं अंडं कापून आम्ही एकमेकांना देतो, आणि देताना काही तरी चांगलं मागतो, प्रकृती, सुख, जे सुचेल ते. सेवेरिनने आईला तुकडा दिला आणि तिला दीर्घायुष्य मागितलं. लोजाने तुकडा दोन्ही हातांनी घेतला. खाल्ला नाही. उठून काचेच्या कपाटात, चांगल्या बश्यांच्या शेजारी नीट मांडला, एक पाऊल मागे सरून बघितला, आणि जागेवर जाऊन बसली.

सुनेने माझ्याकडे बघितलं. सेवेरिनने बघितलं नाही. निघताना जिन्यात त्याने माझे दोन्ही हात धरले. "मावशी, तू जिंकलीस. किती शांत झालीय आई. आता नन्सचं नाव काढत नाही मी. ती तुझ्याचकडे राहू दे."

सबंध हिवाळा मी ह्याच वाक्यासाठी लढले होते. मला त्याचा कोट धरून ठेवावासा वाटला.

"सेवेरिन," मी म्हटलं, "तुला ती तुझी आई वाटते?"

त्याने माझ्या गालावर ओठ टेकवले. "दमलीयस तू," तो म्हणाला.

६

पुढच्याच बुधवारी मी तिला व्हिएस्बोरला नेलं. काय करायचं ते माझ्या डोक्यात स्पष्ट होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं असतं तर नन्सच्या घरी माझीच रवानगी झाली असती. हिला त्या खुर्चीवर बसवायचं. आणि तिथे जे कोणी बसलं असेल, त्याला उठवून घरी आणायचं.

ती आनंदाने निघाली. बसमध्ये खिडकीशी बसली, हात मांडीवर. बर्फ गेलं होतं. शेतं काळी, ओली. किल्ल्याच्या पायऱ्या ती माझ्या आधी चढली.

पेटीजवळची पोरगी सपाता घेऊन आली आणि लोजाचा आनंद तिथेच संपला. तिने पाय मागे घेतला. पोरीने पुन्हा पुढे केल्या. लोजा भिंतीला टेकली, आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज येऊ लागला, दार उघडायला लावणारं मांजर करतं तसा.

"त्यांना नको असतील तर राहू द्या," पोरगी घाबरून म्हणाली. "बूट कोरडे आहेत ना?"

"कोरडे आहेत," मी म्हटलं. माझ्या मी चढवल्या.

दार, दार, दार. मी सरकत होते, ती शेजारी खट खट वाजत होती. खिडक्यांतून पांढरा उजेड जमिनीवर पडला होता, मेणाचा वास होता. चिलखताखालची पाटी तशीच, चुकलेली. विणणाऱ्या बाईची खुर्ची होती, लोकरीचा गुंडा खुर्चीवर होता, बाई नव्हती. चहाला गेली असेल. तिच्याशी भांडायला मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या दाराशी लोजा थांबली. मी तिला कोपराने पुढे ढकललं. हो, ढकललं. ती जागची हलली नाही.

दालनात इथेही तशीच उंच हिरवी शेगडी, खिडकी, खुर्ची. खुर्ची रिकामी होती. बसायच्या जागेवरचं कापड मध्ये दबलेलं होतं आणि मी बघत असताना ते हळूहळू वर येत होतं.

७

तेव्हा तिने माझा हात धरला. बर्फासारखा थंड हात. करंगळी वाकडी, लहानपणी मालगाडीच्या दारात चेंगरून जुळलेली. ती माझ्या तळव्यात कशी बसते ते मला डोळे मिटूनही कळतं. हात लोजाचा होता. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

"गेनिया," ती म्हणाली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "मला परत तिथे बसवू नकोस."

ती माझ्या खांद्याला बिलगली. मी काय करत होते? आजारी म्हातारीला, माझ्या सख्ख्या बहिणीला, एका खुर्चीवर बसवून सोडून जायला निघाले होते. डॉक्टर बरोबर होते, सेवेरिन बरोबर होता, मी दमले होते. मी तोंड उघडलं, तिला म्हणायला की नाही ग, चल घरी.

शेगडीमागे काही तरी सरकलं.

त्या बाजूचा कोपरा दारातून दिसत नाही. आवाज नमद्याचा होता, लाकडावर घासणारा. एक पाऊल, मग एक ओढलेलं पाऊल. पुन्हा एक, पुन्हा एक ओढलेलं. सावकाश. दुखऱ्या गुडघ्याला सांभाळून येणाऱ्या माणसाचं. शेगडीच्या कडेवर चार बोटं आली, आधाराला धरलेली. राखाडी बाहीचं टोक आलं. मी तेवढंच बघितलं. मग मी जमिनीकडे बघितलं.

"गेनिया," शेगडीमागून लोजा म्हणाली, थकलेली, चिडलेली, उशीर केला म्हणून मला रागावायची तशी. "कोणाचा हात धरलायस तू?"

माझ्या हातातला हात घट्ट झाला.

मी दोघींपैकी कोणाच्याही चेहऱ्याकडे बघितलं असतं तर मला कळलं असतं, असं मला वाटतं. एका नजरेत कळलं असतं. मान वळवायचीच होती, डावीकडे नाही तर समोर. मी आयुष्यात कधी कोणासमोर डोळे खाली घातले नाहीत, मुकादमासमोर नाही, पाद्र्यासमोर नाही. तिथे घातले. नमदा घासत जवळ आला, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला थांबला. माझ्या सपातांच्या टोकांसमोर सपातांची टोकं. मेणाच्या वासात लोजाच्या केसांचा वास.

"बघ तरी माझ्याकडे," ती म्हणाली. ह्या वेळी चिडून नाही.

मी हातातल्या हाताला ओढलं आणि मागे फिरले. दार, दार, दार. शेजारी टाचा वाजत होत्या, माझ्याहून वेगाने. मागून काहीच आलं नाही, हाकही नाही. हाक आली असती तर मी थांबले असते की नाही, ते मला माहीत नाही. पोरगी म्हणाली, "सपाता, बाई, सपाता." मी त्या पायांत तशाच घेऊन गावाच्या चौकापर्यंत गेले आणि तिथे कुंपणावरून पलीकडे फेकल्या.

आता उन्हाळा आहे. आम्ही किल्ल्यांना जात नाही. ती दाराजवळ बसत नाही, खुर्ची तिनेच मेजाशी परत लावली. माझ्या सूपला नावं ठेवते, अगदी लोजा ठेवायची तीच नावं, त्याच क्रमाने. कधी कधी पायही ओढते. दिवसातून अनेकदा मला गेनिया म्हणते, काही काम नसतानासुद्धा, आणि मग थोडी थांबते, मी काही म्हणते का ते बघायला.

मी "हो" म्हणते. "आले" म्हणते. "काय हवंय" म्हणते.

नावाने हाक मी तिला अजून मारलेली नाही.